कृष्ण ऊर्जा खरंच बदलते का? रचनांच्या वाढीची कसोटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगानं घडवणाऱ्या अज्ञात घटकाला कृष्ण ऊर्जा म्हणतात. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या ‘डेसी’ सर्वेक्षणाचे निकाल आल्यापासून ‘कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते आहे’ असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. या दाव्यामागची मोजमापं बहुतांशी अंतरांची आहेत. दीर्घिका, त्यांचे समूह आणि त्यांना जोडणारं तंतूंचं जाळं कोणत्या गतीनं वाढत गेलं, ही त्याहून वेगळी कसोटी आहे आणि तिच्याबद्दल त्या मानानं फार कमी बोललं जातं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: अंतरांमधून मिळालेला इशारा गंभीर आहे, पण वाढीच्या मोजमापांनी त्याला दुजोरा देईपर्यंत निकाल लागला असं म्हणता येणार नाही. आज ही मोजमापं दुजोराही देत नाहीत आणि नकारही देत नाहीत. असं का, ते खालच्या उत्तरांत आलं आहे.

अंतरं इतकी अचूक मोजता येत असताना वाढ मोजायची कशाला?

अंतरांवरून एकच गोष्ट कळते: विश्वाच्या प्रसरणाचा दर काळानुसार कसा बदलत गेला. १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांचा, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा, अभ्यास करणाऱ्या दोन गटांना हे प्रसरण वाढत्या वेगानं होत असल्याचं दिसलं. त्यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं. पण प्रसरणाचा एकच आलेख अनेक कारणांनी तयार होऊ शकतो. स्थिर विश्वांक (कधीच न बदलणारी कृष्ण ऊर्जा), हळूहळू बदलणारं अदिश क्षेत्र (प्रत्येक ठिकाणी फक्त एक आकडा असलेलं, दिशा नसलेलं क्षेत्र) किंवा मोठ्या अंतरांवर वेगळं वागणारं गुरुत्व, यांपैकी काहीही निवडलं तरी थोडी जुळवाजुळव करून हवा तो आलेख काढता येतो. नुसता आलेख पाहून त्यामागचं कारण ओळखता येत नाही.

वाढीवर प्रसरणाचा परिणाम होतो आणि गुरुत्वाचाही. प्रसरणाचा इतिहास ठरला आणि आइन्स्टाइनचं गुरुत्व मान्य केलं, की रचना किती वाढली पाहिजे हे आपोआप ठरतं. तिथे मनाप्रमाणे फिरवायला बटण उरत नाही. अंतरांवरून काढलेलं भाकीत आणि प्रत्यक्ष मोजलेली वाढ जुळली नाही, तर गृहीतकांपैकी काहीतरी चुकतंय हे नक्की. या कसोटीची सगळी ताकद या काटेकोरपणात आहे.

‘गतिशील’ कृष्ण ऊर्जा म्हणजे काय?

कृष्ण ऊर्जेचा दाब आणि तिची घनता यांच्या गुणोत्तराला ‘डब्ल्यू’ म्हणतात. आइन्स्टाइननं १९१७ मध्ये मांडलेल्या विश्वांकासाठी डब्ल्यू कायम उणे १ असतो आणि घनता तिळमात्र बदलत नाही. डब्ल्यू उणे १ पेक्षा जास्त असेल, म्हणजे उणे ०.९ वगैरे, तर विश्व प्रसरण पावताना कृष्ण ऊर्जा विरळ होत जाते. तो उणे १ च्या खाली असेल, तर ती उलट दाट होते.

डब्ल्यू काळानुसार बदलत असेल तर ती गतिशील कृष्ण ऊर्जा. याचं सर्वांत परिचित भौतिक रूप म्हणजे क्विंटेसेन्स, अर्थात सगळं अवकाश व्यापणारं आणि आपल्या विभवाच्या, म्हणजे स्थितिज ऊर्जेच्या, उतारावरून सावकाश खाली येणारं क्षेत्र. भारत रात्रा आणि जेम्स पीबल्स यांनी, तसंच स्वतंत्रपणे ख्रिस्तोफ वेटरिख यांनी १९८८ मध्येच, म्हणजे प्रवेगाचा शोध लागण्याच्या दहा वर्षं आधी, अशा क्षेत्रांचा विचार केला होता.

आकडेमोडीत मात्र बहुतेक वेळा एक साधं सूत्र वापरतात. शेव्हालिए आणि पोलार्स्की यांनी ते २००१ मध्ये आणि लिंडर यांनी २००३ मध्ये मांडलं. त्यात दोनच आकडे असतात: आजचा डब्ल्यू, म्हणजे ‘डब्ल्यू-शून्य’, आणि बदलाचं माप, म्हणजे ‘डब्ल्यू-ए’. विश्वाचा आकार त्या क्षणी आजच्या किती पट होता तो आकडा १ मधून वजा करायचा, उरलेल्याला डब्ल्यू-ए नं गुणायचं आणि ते डब्ल्यू-शून्यमध्ये मिळवायचं. हे सूत्र म्हणजे निरीक्षणांचं वर्णन करायची सोय आहे. निसर्ग तसाच वागतो असा दावा त्यात नाही, हे पुढे अनेकदा लक्षात ठेवावं लागेल.

डेसीला नेमकं काय दिसलं?

अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या ४ मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर बसवलेलं डेसी हे उपकरण ५,००० प्रकाशतंतूंच्या मदतीनं एकाच वेळी हजारो दीर्घिकांचे वर्णपट घेतं. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या विश्लेषणात १.४ कोटींहून जास्त दीर्घिका आणि क्वेसार होते. बाल्यावस्थेतल्या विश्वातल्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या मांडणीवर एका ठरावीक लांबीचा ठसा उमटवला आहे. ती लांबी मोजपट्टीसारखी वापरून डेसीनं अंतरं काढली.

या अंतरांना सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाची, म्हणजे बाल्यावस्थेतल्या विश्वातून आजवर पोचणाऱ्या प्रकाशाची, जोड दिली, की स्थिर विश्वांकापेक्षा बदलत्या डब्ल्यूला ३.१ सिग्मा इतकी पसंती मिळते. सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती कमी आहे याचं माप; आकडा जितका मोठा, तितकी ती कमी. सुपरनोव्हाही मिळवले, तर कोणता संच घेता त्यानुसार हा आकडा २.८, ३.८ किंवा ४.२ होतो. यांतला ४.२ चा आकडा ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ या वेगळ्या सर्वेक्षणाच्या सुपरनोव्हांचा होता. त्यांचं अंशांकन, म्हणजे तेजस्वितेच्या मापांची जुळणी, पुढे पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा तो सुमारे ३.२ वर आला. एका संचाच्या अंशांकनानं एक पूर्ण सिग्मा इकडेतिकडे होतो, एवढं ध्यानात असलं तरी बातम्या वाचताना पुष्कळ उपयोग होतो.

४.२ सिग्माच्या त्या जुळणीत डब्ल्यू-शून्य सुमारे उणे ०.७५ आणि डब्ल्यू-ए सुमारे उणे ०.८६ आले होते. म्हणजे नक्की काय, ते घनतेच्या भाषेत पाहू. त्यासाठी काळ रेडशिफ्टमध्ये सांगतात: प्रसरणामुळे दूरचा प्रकाश किती ताणला गेला त्याचं हे माप. त्यात १ मिळवला, की तेव्हापासून विश्व किती पट पसरलं ते कळतं; रेडशिफ्ट जितका मोठा, तितका काळ जुना. हे आकडे सूत्रात घातले तर रेडशिफ्ट २ च्या वेळी कृष्ण ऊर्जेची घनता आजच्या साधारण तीन चतुर्थांश होती. रेडशिफ्ट १ ला ती आजच्याइतकीच झाली. रेडशिफ्ट ०.४ च्या आसपास, म्हणजे ४ अब्ज वर्षांहून थोडं आधी, ती आजच्यापेक्षा १३ टक्क्यांनी जास्त, अशा शिखरावर पोचली आणि तेव्हापासून उतरते आहे. आधी चढ, मग उतार. नुसती घटत जाणारी ऊर्जा समजावणं सोपं आहे. हा चढउतार समजावणं अवघड आहे.

‘रचनांची वाढ’ म्हणतात तेव्हा काय वाढत असतं?

घनतेतला फरक. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं होतं तेव्हाच्या प्रारणात एका लाखात एक, एवढे बारीक चढउतार दिसतात. जिथे पदार्थ सरासरीहून किंचित जास्त होता, तिथे गुरुत्वानं आणखी ओढून घेतला आणि जिथे कमी होता तिथून तो निघून गेला.

वाढीचं समीकरण दिसायला साधं आहे. एका बाजूला पदार्थाचं गुरुत्व फरक वाढवू पाहतं. दुसऱ्या बाजूला प्रसरण घर्षणासारखं आड येतं: दर जितका मोठा, तितकी वाढ मंद. विश्वात पदार्थाचंच राज्य असताना फरक विश्वाच्या आकाराच्या प्रमाणात वाढत होता. कृष्ण ऊर्जेचा वाटा वाढला, तसं हे घर्षण गुरुत्वावर मात करू लागलं आणि वाढ मंदावली. म्हणून कृष्ण ऊर्जा कधी आणि किती प्रबळ झाली याची नोंद रचनांच्या वाढीत राहते.

एफ-सिग्मा-८ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो काय आहे?

हे दोन गोष्टींचं गुणाकारातलं जोडनाव आहे. ‘एफ’ म्हणजे वाढीचा दर: विश्वाचा आकार एक टक्क्यानं वाढला, तर घनतेतला फरक किती टक्के वाढतो. ‘सिग्मा-८’ म्हणजे सुमारे पावणेचार ते चार कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचे गोल घेतले, तर त्यांतल्या पदार्थात सरासरीच्या किती चढउतार आढळतो. सूक्ष्मलहरी प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून, प्रमाणित मॉडेल (स्थिर विश्वांक आणि आइन्स्टाइनचं गुरुत्व) धरून, आजचा सिग्मा-८ सुमारे ०.८११ येतो.

हा गुणाकार मोजण्याचा मार्ग निक कायझर यांनी १९८७ मध्ये दाखवला. दीर्घिकेचं अंतर आपण रेडशिफ्टवरून काढतो. पण दीर्घिका जवळच्या दाट भागाकडे ओढलीही जात असते, आणि हा वेग रेडशिफ्टमध्ये मिसळतो. त्यामुळे दीर्घिकांचा नकाशा आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेनं किंचित चपटा दिसतो. चपटेपणा जितका जास्त, तितका पदार्थ वेगानं गोळा होतोय. अंतरं काढणाऱ्यांच्या दृष्टीनं हा नकाशातला दोष होता. त्यातूनच गुरुत्वाची तपासणी उभी राहिली. या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी कल्पना हीच.

मग डेसीचं बदलतं मॉडेल वाढीच्या मोजमापांशी जुळतं का?

जुळतं. आणि स्थिर विश्वांकही जुळतो. खरी अडचण इथेच आहे, म्हणून थोडं थांबून आकडे पाहू.

रेडशिफ्ट ०.५ घ्या. प्रमाणित मॉडेलमध्ये आज पदार्थाचा वाटा ०.३१५ आहे. त्या काळी पदार्थाची घनता आजच्या १.५ च्या घनाइतक्या पटीनं, म्हणजे ३.३७५ पट, होती. त्यामुळे एकूण ऊर्जेत पदार्थाचा वाटा ०.६१ च्या आसपास येतो. वाढीचा दर म्हणजे या वाट्याचा साधारण ०.५५ वा घात: ०.७६. त्या वेळचा सिग्मा-८ सुमारे ०.६३. गुणाकार ०.४८ च्या जवळपास.

आता डब्ल्यू-शून्य उणे ०.७५ आणि डब्ल्यू-ए उणे ०.८६ घ्या. या मॉडेलमध्ये रेडशिफ्ट ०.५ ला कृष्ण ऊर्जा आजच्यापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त होती. पदार्थाचा वाटा थोडा घसरून ०.५८५ वर येतो आणि दर ०.७४५ च्या आसपास. तोवर सिग्मा-८ मध्ये जवळपास फरक पडत नाही, कारण त्याआधीच्या काळात कृष्ण ऊर्जा कमी असल्यामुळे रचना किंचित जास्तच वाढलेली असते. हिशेब केला तर दोन मॉडेलांच्या एफ-सिग्मा-८ मध्ये जेमतेम २ टक्क्यांचा फरक उरतो.

आता प्रत्यक्ष मोजमाप बघा. दीर्घिकांच्या बॉस सर्वेक्षणाचा रेडशिफ्ट ०.५१ चा एफ-सिग्मा-८ चा आकडा ०.४५९ आहे आणि त्याची अनिश्चितता ०.०३८, म्हणजे ८ टक्क्यांच्या पुढे. दोन्ही भाकितं त्या पट्ट्यात आरामात बसतात. ८ टक्क्यांच्या पट्टीनं २ टक्क्यांचा फरक कसा मोजणार? डेसीच्या पहिल्या टप्प्याच्या माहितीतून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वाढीचं विश्लेषणही आलं. त्यात सिग्मा-८ चा आकडा सुमारे ०.८४, अधिक-उणे ०.०३४ असा निघाला. तो आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाशी सुसंगत आहे. तरी बदलत्या आणि स्थिर मॉडेलांत निवड करण्याइतकी धार त्याला नाही.

म्हणून ‘वाढीच्या निरीक्षणांनीही बदलती कृष्ण ऊर्जा सिद्ध केली’ असं कुठे वाचलं, तर त्यात वाढीचा वाटा नेमका किती आणि अंतरांचा किती, हे आधी विचारा. बऱ्याचदा सगळं ओझं अंतरंच उचलत असतात.

म्हणजे आज वाढीची कसोटी कुचकामी आहे?

अजिबात नाही. मोठे फरक ती आजही पकडते. पार्श्वभूमीचं, म्हणजे एकूण विश्वाचं, प्रसरण जवळपास सारखं ठेवून गुरुत्व बदलणारी मॉडेल्स इथेच अडचणीत येतात. वर वापरलेला घातांक, म्हणजे ‘गॅमा’, सापेक्षतावादात सुमारे ०.५५ असतो. साध्या गतिशील कृष्ण ऊर्जेमुळे तो तिसऱ्या दशांशात सरकतो, फार तर दुसऱ्या. अतिरिक्त मितीत गुरुत्व झिरपतं असं मानणाऱ्या डीजीपी मॉडेलमध्ये मात्र तो ०.६८ च्या आसपास असतो. एवढा फरक दिसण्याजोगा आहे.

म्हणूनच न्यूयेन, हूटरर आणि वेन यांच्या २०२३ मधल्या शोधनिबंधाची इतकी चर्चा झाली. वाढीची मोजमापं आणि सूक्ष्मलहरी प्रारण एकत्र घेऊन त्यांनी गॅमा ०.६३३ काढला, ०.५५ पासून ३.७ सिग्मा दूर. म्हणजे रचना अपेक्षेहून मंद गतीनं वाढत असल्याचा संकेत. डब्ल्यू किंचित बदलून एवढी मंदी आणणं अवघड आहे. हा संकेत टिकला, तर गुरुत्वाकडे, कृष्ण पदार्थ आणि कृष्ण ऊर्जा यांच्यातल्या देवाणघेवाणीकडे किंवा मोजमापांतल्या एखाद्या पद्धतशीर त्रुटीकडे पाहावं लागेल. मी तिसरी शक्यता सर्वांत आधी तपासेन.

एस-८ चा ताण अजून शिल्लक आहे का?

पूर्वीइतका नाही. ताण म्हणजे वेगवेगळ्या मोजमापांतली विसंगती, आणि एस-८ म्हणजे पदार्थाच्या वाट्यासह मोजलेला सिग्मा-८. प्लँकवरून तो ०.८३ च्या आसपास येतो. दूरच्या दीर्घिकांचे आकार वाटेतल्या पदार्थाच्या गुरुत्वामुळे किंचित वाकतात, त्यावरून किड्स सर्वेक्षणाच्या २०२१ च्या विश्लेषणानं तो ०.७५९ दिला होता आणि डार्क एनर्जी सर्व्हेच्या तीन वर्षांच्या माहितीनं ०.७७६. हा फरक दूर करायला कितीतरी गतिशील मॉडेल्स पुढे आली.

मग २०२५ मध्ये किड्सच्या संपूर्ण माहितीचा निकाल आला: ०.८१५, प्लँकशी चांगलाच जुळणारा. दीर्घिकांच्या रेडशिफ्टचा अंदाज सुधारला आणि आकाशाचं क्षेत्र वाढलं, एवढ्यानं ताण बराच निवळला. एरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीनं मोजलेल्या दीर्घिकासमूहांवरून तर २०२४ मध्ये ०.८६ आला, म्हणजे प्लँकच्याही वर. वेगवेगळ्या पद्धती दोन्ही बाजूंना विखुरल्या असतील, तर नव्या भौतिकशास्त्राआधी पद्धतींची शंका घ्यावी.

त्या काळात ‘एस-८ कमी करतं’ हाच ज्यांचा मुख्य आधार होता, त्या मॉडेलांचा आता नव्यानं विचार व्हायला हवा. हे फारसं होताना दिसत नाही आणि मला ते खटकतं.

प्रकाशित एफ-सिग्मा-८ चे तक्ते घेऊन मी स्वतः मॉडेल तपासू शकतो का?

हो, आणि जरूर करा. मॉडेलवरून भाकितं काढणारे क्लास किंवा कॅम्ब हे प्रोग्रॅम खुले आहेत, कोबाया सारखी साधनं शक्यतांचं अवकाश चाळून देतात आणि सारं साध्या लॅपटॉपवर चालतं. शिकण्यासाठी याहून चांगला मार्ग नाही. फक्त तक्त्यांमध्ये काही खड्डे आहेत, ते ओळखून चला.

सर्वांत मोठा खड्डा म्हणजे एकाच आकाशाचं दुबार माप. साहित्यात एफ-सिग्मा-८ चे साठहून अधिक बिंदू सापडतात, पण त्यांतले पुष्कळसे एकाच सर्वेक्षणाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आहेत. तेच आकाश, त्याच दीर्घिका, फक्त विश्लेषण नवं. सगळे बिंदू स्वतंत्र मानून बेरीज केली की अनिश्चितता खोटीच आक्रसते आणि नसलेला ताण दिसायला लागतो. नेसेरिस, पँताझिस आणि पेरिव्होलारोपुलोस यांनी २०१७ मध्ये त्यातून निवडून १८ बिंदूंचा संच केला, तो याच कारणानं. बिंदू कमी घ्या, पण एकमेकांपासून खरोखर वेगळे घ्या. आणि मूळ गटानं सहविचरणाचं कोष्टक (कोणत्या बिंदूंच्या अनिश्चितता एकमेकींशी जोडलेल्या आहेत ते सांगणारं) दिलं असेल, तर ते वगळू नका. एकाच सर्वेक्षणातले शेजारचे रेडशिफ्टचे कप्पे एकमेकांशी बांधलेले असतात, आणि फक्त कर्णावरचे आकडे उचलणं म्हणजे ती बांधणी तोडणं.

दुसरा खड्डा संदर्भ मॉडेलचा. कोन आणि रेडशिफ्ट यांचं अंतरात रूपांतर करताना प्रत्येक गटानं कुठलं तरी मॉडेल गृहीत धरलेलं असतं. तुमचं मॉडेल वेगळं असेल, तर नकाशा थोडा दबतो किंवा ताणला जातो, आणि ते कायझरच्या चपटेपणासारखंच दिसतं. प्रसरणाचा दर आणि कोनीय अंतर यांचा गुणाकार दोन्ही मॉडेलांत काढून त्यांच्या गुणोत्तरानं दुरुस्ती करायची प्रथा आहे. ती ढोबळ आहे, तरी न करण्यापेक्षा बरी. गतिशील कृष्ण ऊर्जा तपासताना ती अनिवार्यच, कारण तुम्ही नेमकं प्रसरणच बदलता आहात.

तिसरं, लहान अंतरं. समूहांच्या आत दीर्घिका इतक्या वेगानं इकडेतिकडे पळतात की नकाशात त्या दृष्टिरेषेच्या दिशेनं लांबट बोटांसारख्या पसरतात. तिथे रेषीय समीकरण चालत नाही. कोणत्या गटानं कोणत्या अंतरापर्यंतची माहिती वापरली हे बिंदूगणिक वेगळं असतं, आणि तक्त्याच्या एका ओळीत ते दिसत नाही. मूळ निबंध उघडून बघावाच लागतो.

आणि शेवटचं: नव्या मॉडेलमध्ये दोन मोकळे आकडे जास्त असतील, तर ते निरीक्षणांना थोडं अधिक चांगलं बसणारच. ‘काय-वर्ग’, म्हणजे मॉडेल आणि निरीक्षणं यांच्यातल्या तफावतीचं माप, किती घटला हे सांगताना आकडे किती वाढवले हेही सांगा. मोकळ्या आकड्यांना कोणत्या मर्यादा दिल्या होत्या तेही लिहा. वाढीची माहिती दुबळी असल्यामुळे त्या मर्यादाच कधीकधी उत्तर ठरवतात.

कृष्ण ऊर्जा स्वतः कुठे गोळा होत नाही का?

साध्या क्विंटेसेन्समध्ये नाही. त्या क्षेत्रातली हालचाल प्रकाशाच्या वेगानं पसरते, त्यामुळे दीर्घिकासमूहाच्या आकारात तिला साठून राहायला वेळच मिळत नाही. हा ध्वनिवेग फार कमी असलेली मॉडेल्स आहेत, आणि तिथे वाढीत जादाची खूण अपेक्षित असते. आजच्या मोजमापांत ती ओळखणं अवघड आहे.

डब्ल्यू उणे १ ची रेषा ओलांडतो, यावर इतका वाद का?

कारण एकटं, साधं अदिश क्षेत्र ती रेषा स्थिरपणे ओलांडू शकत नाही. अलेक्झांडर विकमन यांनी २००५ मध्ये हा अडथळा स्पष्ट मांडला. डेसीच्या जुळणीत मात्र डब्ल्यू पूर्वी उणे १ च्या खाली होता आणि रेडशिफ्ट ०.४ च्या सुमारास वर आला. हे शब्दशः खरं मानायचं, तर दोन क्षेत्रं, गुरुत्वाशी वेगळी जोडणी किंवा कृष्ण पदार्थाशी देवाणघेवाण असं काहीतरी लागतं.

वाढीच्या हिशेबात याची थेट अडचण होते. रेषेवर येताच चढउतारांची नेहमीची समीकरणं फुटतात, म्हणून प्रोग्रॅममध्ये एक पर्यायी पद्धत वापरून ती ओलांडली जाते. पार्श्वभूमीसाठी हे ठीक आहे. पण त्या पद्धतीमागे ठोस भौतिकशास्त्र नाही. देवाणघेवाणीचं मॉडेल घेतलं, तर डब्ल्यूचा आभासी आलेख तोच ठेवूनही वाढ वेगळी निघू शकते. इथे वाढ निर्णायक ठरू शकते: अंतरं सारखीच, पण रचना कमी किंवा जास्त.

दुसरी शक्यताही डोक्यात असू द्या. सूत्रात फक्त दोन आकडे आहेत आणि निरीक्षणं मुख्यतः अलीकडच्या काळाला पकडतात. खरा डब्ल्यू रेषेच्या वरच राहून अलीकडे झपाट्यानं वाढला असेल, तरी सरळ रेषेचं सूत्र त्याला मागे ताणून रेषेखाली नेऊ शकतं.

न्यूट्रिनोंचा इथे काय संबंध?

जवळचा. न्यूट्रिनो वेगवान असल्यामुळे छोट्या अंतरांवर गोळा होत नाहीत आणि वाढ मंदावतात. त्यांचं एकूण वस्तुमान निदान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असायला हवं, हे प्रयोगांवरून माहीत आहे. स्थिर विश्वांक धरून डेसी आणि सूक्ष्मलहरी प्रारण मिळून जी वरची मर्यादा देतात, ती ०.०६४ आहे. म्हणजे जागा जवळजवळ उरतच नाही. बदलता डब्ल्यू मान्य केला की मर्यादा ०.१६ पर्यंत सैल होते. बदलत्या मॉडेलच्या बाजूनं हा मुद्दा मांडला जातो, आणि तो दमदार आहे. पण वाढीतली मंदी न्यूट्रिनोंमुळे की कृष्ण ऊर्जेमुळे हे एकाच रेडशिफ्टच्या मोजमापावरून वेगळं काढता येत नाही, हेही त्यातूनच कळतं.

गुरुत्वच बदललं असेल, तर ते कसं ओळखणार?

दीर्घिकांचे वेग आणि प्रकाशाचं वाकणं, दोन्ही एकाच ठिकाणी मोजून. सापेक्षतावादात पदार्थाला ओढणारं आणि प्रकाशाला वाकवणारं विभव एकच असतं. बहुतेक पर्यायी सिद्धांतांत ती दोन वेगळी होतात. दोघांचं गुणोत्तर घेतलं, की दीर्घिका पदार्थाचं किती विश्वासूपणे प्रतिनिधित्व करतात हा त्रासदायक अज्ञात आकडाही निघून जातो. २०१० मध्ये रेयेस आणि सहकाऱ्यांनी रेडशिफ्ट ०.३२ ला हे गुणोत्तर ०.३९, अधिक-उणे ०.०६ असं मोजलं. ते सापेक्षतावादाच्या अपेक्षेला धरून होतं.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण १.७ सेकंदांच्या अंतरानं पोचले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर! या एका घटनेनं गुरुत्वीय लहरींचा वेग बदलणारी मॉडेल्स एका फटक्यात बाद झाली. उरलेल्यांना वाढीची कसोटी द्यायची आहे.

कृष्ण ऊर्जा घटत असेल, तर विश्व पुन्हा आकुंचन पावेल का?

या निरीक्षणांवरून ते सांगता येत नाही. डब्ल्यू-शून्य आणि डब्ल्यू-ए ही भूतकाळाला बसवलेली रेषा आहे. ती भविष्यात ओढणं हा निव्वळ अंदाज.

पुढच्या काही वर्षांत नेमकं काय पाहायचं?

१ जुलै २०२३ ला उडालेली युक्लिड दुर्बीण दीर्घिकांचे आकार आणि त्यांची मांडणी दोन्ही मोजते आहे. रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली आणि तिचं आकाशसर्वेक्षण दहा वर्षांचं आहे. डेसीची माहिती वाढतेच आहे. यांतून वेगवेगळ्या रेडशिफ्टला एफ-सिग्मा-८ ची अनिश्चितता एक-दोन टक्क्यांवर आली, तर वर काढलेला २ टक्क्यांचा फरक आवाक्यात येईल.

मी स्वतः एका आकड्याची वाट बघत नाही, आकाराची बघतो. डेसीचं मॉडेल खरं असेल, तर वाढीचा दर रेडशिफ्ट ०.२५ ते ०.५ च्या पट्ट्यात प्रमाणित मॉडेलपेक्षा दोन-अडीच टक्के खाली असेल, रेडशिफ्ट १ ला त्याच्याशी जुळेल आणि २ ला एखादा टक्का वर असेल. सर्व रेडशिफ्टांना सारखाच खाली असलेला दर मात्र सिग्मा-८ च्या चुकीच्या मापामुळे, न्यूट्रिनोंमुळे किंवा बदललेल्या गुरुत्वामुळेही दिसू शकतो. हा वर-खाली जाणारा आकार सुपरनोव्हांना हातही न लावता, फक्त वाढीच्या माहितीतून दिसला, तर मी बदलती कृष्ण ऊर्जा मान्य करेन.